टॅक्सीचा बाण कोणाच्या मालकीचा?
'सिम्पसन्स'च्या मोटार-खेळावरील दाव्याने उभा केलेला आणि निकालाविना राहिलेला प्रश्न

एखाद्या व्हिडिओ गेमचे नाव नवे आहे, त्यातील पात्रे, शहर, संवाद आणि संगीत नवे आहे. परंतु तो खेळण्याची रीत मात्र आधीच्या एका लोकप्रिय खेळासारखी आहे. अशा वेळी त्याला चोरी म्हणावे, अनुकरण म्हणावे, की कोणत्याही कलाप्रकारात होते तशी स्वाभाविक वाढ म्हणावे? डिसेंबर २००३ मध्ये हा प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर जिल्ह्यातील संघीय न्यायालयापुढे आला. 'क्रेझी टॅक्सी' या खेळाची निर्माती असलेल्या जपानच्या सेगा कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने 'द सिम्पसन्स : रोड रेज' या खेळाशी संबंधित तीन कंपन्यांविरुद्ध पेटंटभंगाचा दावा दाखल केला होता.

दावा न्यायालयाबाहेर मिटला. तडजोडीची रक्कम जाहीर झाली नाही आणि न्यायाधीशांनी मूळ प्रश्नावर एक ओळही लिहिली नाही. तरीही व्हिडिओ गेमच्या इतिहासात हे प्रकरण वारंवार आठवले जाते. खेळाचा नियम कोणाच्या मालकीचा असू शकतो का, हा त्यातील मुद्दा आज पुण्यापासून टोकियोपर्यंत खेळ घडवणाऱ्या प्रत्येकासमोर उभा आहे.

स्प्रिंगफील्डची माणसे

'द सिम्पसन्स' ही मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली विनोदी ॲनिमेशन मालिका. १९८७ मध्ये 'द ट्रेसी उलमन शो' या कार्यक्रमातील छोट्या चित्रफितींमधून हे पिवळ्या वर्णाचे कुटुंब प्रथम प्रेक्षकांसमोर आले. १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्स वाहिनीवर अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. स्प्रिंगफील्ड नावाच्या काल्पनिक गावातील अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी पण प्रेमळ होमर, त्याची समंजस पत्नी मार्ज, खोडकर बार्ट, हुशार लीसा आणि तान्ही मॅगी ही यातील मुख्य पात्रे. अणुवीज केंद्राचा मालक मिस्टर बर्न्स हा धनाढ्य, कंजूष आणि निष्ठुर म्हातारा या गावातील साऱ्या उपद्रवांचे मूळ असतो. क्विक-ई-मार्ट हे दुकान चालवणारा भारतीय वंशाचा अपू हेही मालिकेतील एक परिचित पात्र.

मालिकेच्या यशाबरोबर तिच्यावर आधारलेले व्हिडिओ गेमही येऊ लागले. कोनामी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये काढलेला, नाणी टाकून खेळायचा खेळ गाजला. परंतु पुढील दशकातील बऱ्याच खेळांनी निराशा केली. २००१ मध्येच आलेल्या 'द सिम्पसन्स रेसलिंग' या कुस्तीच्या खेळावर समीक्षकांनी सडकून टीका केली होती.

परवान्यावर आधारलेल्या खेळांच्या व्यवसायाचे एक गणित असते. लोकप्रिय पात्रे वापरण्यासाठी कंपनी मोठी रक्कम मोजते. खेळ ठरलेल्या हंगामात, बहुधा नाताळच्या खरेदीपूर्वी, बाजारात यावा लागतो. ग्राहक पात्राच्या ओढीने येणार हे ठाऊक असल्याने खेळण्याच्या रीतीत धाडसी प्रयोग करण्यापेक्षा आधी यशस्वी ठरलेला साचा उचलणे निर्मात्यांना सोयीचे वाटते. 'साउथ पार्क' या प्रौढांसाठीच्या विनोदी मालिकेवर आधारलेला 'साउथ पार्क रॅली' हा शर्यतीचा खेळ याचेच उदाहरण. निन्तेन्दोच्या १९९२ मधील 'सुपर मारिओ कार्ट'ने रूढ केलेला, छोट्या गाड्यांच्या गमतीदार शर्यतींचा साचा त्याने घेतला होता. त्या साच्यावर तोपर्यंत इतक्या कंपन्यांनी खेळ काढले होते, की तो जणू सार्वजनिक रस्ताच बनला होता.

अणुबस आणि दहा लाख डॉलर

'रोड रेज' हा खेळ कॅनडातील व्हँकुव्हर येथील रॅडिकल एंटरटेनमेंट या स्टुडिओने घडवला आणि फॉक्स इंटरॲक्टिव्ह व इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपन्यांनी तो २००१ च्या अखेरीस बाजारात आणला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या तिन्ही यंत्रांवर तो उपलब्ध होता.

त्याची कथा मालिकेच्या स्वभावाला साजेशी आहे. मिस्टर बर्न्स गावाची सार्वजनिक बससेवा विकत घेतो आणि तिच्या जागी किरणोत्सर्गी अणुबस आणतो. नागरिकांच्या जिवावर बेतलेल्या या संकटातून सुटण्याचा एकच मार्ग उरतो. प्रत्येकाने आपापली गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर आणायची, प्रवासी वाहून पैसे जमवायचे आणि दहा लाख डॉलर जमले की बससेवा परत विकत घ्यायची. खेळाडू होमर, मार्ज किंवा बार्ट अशा पात्रांपैकी एकाची निवड करतो. कमाई वाढत जाते तसतशी अपू, मद्यालयाचा मालक मो, शेजारी नेड फ्लँडर्स अशी नवी पात्रे आणि गावाचे नवे भाग खुले होतात. शर्यत येथे दुसऱ्या गाडीशी नसून घड्याळाशी असते. प्रवासी बसला की वेळ मोजणे सुरू होते आणि जितक्या लवकर तो इच्छित स्थळी पोहोचेल तितकी कमाई अधिक होते.

मालिकेतील मूळ कलाकारांनीच पात्रांना आवाज दिल्यामुळे चाहत्यांना आपल्या ओळखीच्या गावात फिरल्याचा आनंद मिळाला. खेळाची विक्रीही चांगली झाली. समीक्षकांची मते मात्र संमिश्र होती आणि बहुतेकांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली : हा खेळ म्हणजे स्प्रिंगफील्डमधली 'क्रेझी टॅक्सी' आहे.

दोन अडचणी आणि त्यांची उत्तरे

'क्रेझी टॅक्सी' १९९९ मध्ये प्रथम सार्वजनिक खेळघरांतील नाण्यांच्या यंत्रावर आली आणि २००० मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट या घरगुती यंत्रावर पोहोचली. केंजी कान्नो यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या खेळात सॅन फ्रान्सिस्कोची आठवण करून देणाऱ्या चढउतारांच्या शहरात पिवळी टॅक्सी भरधाव हाकायची असते. रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला उचलायचे, त्याला ठिकाणी पोहोचवायचे आणि वेळ संपण्यापूर्वी पुढचा प्रवासी गाठायचा, एवढाच नियम.

हा नियम आज साधा वाटतो. पण त्याने खेळ रचणाऱ्यांसमोर दोन खऱ्या अडचणी उभ्या केल्या. पहिली अडचण वाट चुकण्याची. त्यापूर्वीच्या बहुतेक शर्यतींच्या खेळांत रस्ता ठरलेला असे. दोन्ही बाजूंना कठडे आणि पुढे अंतिम रेषा. खेळाडूला फक्त वेग सांभाळायचा असे. 'क्रेझी टॅक्सी'ने त्याला मोकळ्या शहरात सोडले. प्रवासी 'मला अमुक दुकानात जायचे आहे' म्हणतो, पण ते दुकान कुठे आहे हे खेळाडूला ठाऊक नसते. नकाशा उघडून पाहायला वेळ नसतो, कारण घड्याळ चालू असते. यावर काढलेला उपाय म्हणजे पडद्याच्या वरच्या भागात, गाडीच्या डोक्यावर तरंगणारा मोठा बाण. गाडीचे स्थान आणि इच्छित स्थळ यांचा हिशोब करून तो क्षणोक्षणी वळतो आणि चालकाला दिशा सांगतो.

दुसरी अडचण माणसांची. शहर जिवंत वाटायचे तर पदपथावर माणसे हवीत. पण टॅक्सी पदपथावरूनही भरधाव जाणार. माणसे चिरडली जाऊ लागली तर खेळाचा सारा आनंद नाहीसा होईल आणि लहान मुलांच्या हाती तो देता येणार नाही. म्हणून गाडीभोवती एक अदृश्य धोकाक्षेत्र आखण्यात आले. पादचारी त्या क्षेत्रात आला की तो गाडीपासून दूर उडी मारतो. वेग कायम राहतो, घबराट आणि गंमत दोन्ही साधतात आणि कोणालाही इजा होत नाही.

सेगाने या रचनेसाठी १९९८ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १३ मार्च २००१ रोजी तिला ६२००१३८ क्रमांकाचे पेटंट मिळाले. खेळ दाखवण्याची पद्धत, दिशा दर्शवण्याची पद्धत आणि वाहन चालवण्याचा आभास निर्माण करणारे यंत्र असा त्याचा विषय. त्यानंतर साधारण आठ महिन्यांनी 'रोड रेज' दुकानांत आला.

या तारखांना आणखी एक पार्श्वभूमी आहे. जानेवारी २००१ मध्ये सेगाने घरगुती खेळयंत्रे बनवण्याच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले होते. ड्रीमकास्टचे उत्पादन थांबले आणि एकेकाळी निन्तेन्दोशी तोडीस तोड स्पर्धा करणारी ही कंपनी इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनवणारी एक निर्माती उरली. 'क्रेझी टॅक्सी'देखील त्याच वर्षी प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूब यांवर आली. म्हणजे मूळ खेळ आणि त्याच्यासारखा दिसणारा नवा खेळ एकाच हंगामात, एकाच यंत्राच्या ग्राहकांपुढे, एकाच दुकानात शेजारी शेजारी उभे होते. त्यातील एकापाशी जगप्रसिद्ध पात्रे होती. दुसऱ्यापाशी फक्त मूळ कल्पना होती.

कॉपीराइट आणि पेटंट यांतील अंतर

सेगाने कॉपीराइटभंगाऐवजी पेटंटभंगाचा मार्ग का निवडला, हे समजून घेतल्याखेरीज या प्रकरणाचे मर्म कळत नाही.

कॉपीराइट अभिव्यक्तीचे रक्षण करतो. चित्र, संवाद, संगीत, संगणकीय आज्ञावली यांची नक्कल करता येत नाही. परंतु त्यामागील कल्पना, पद्धत किंवा नियम यांवर कोणाचीही मालकी राहत नाही. 'रोड रेज'मध्ये सेगाचे एकही चित्र नव्हते, एकही पात्र नव्हते, एकही सूर नव्हता. अमेरिकी न्यायालयांनीही आधीच्या खटल्यांत हेच धोरण ठेवले होते. कराटेच्या दोन खेळांतील साम्यावरून डेटा ईस्ट कंपनीने एपिक्सविरुद्ध केलेल्या दाव्यात १९८८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की कराटेवरील खेळात कराटेचे डावपेच येणारच. त्या साम्याला नक्कल म्हणता येणार नाही. काही वर्षांनी हीच डेटा ईस्ट आरोपीच्या जागी उभी राहिली. 'स्ट्रीट फायटर'ची नक्कल केल्याचा कॅपकॉमचा आरोपही १९९४ मध्ये टिकला नाही.

पेटंटचा न्याय वेगळा आहे. ते उपाययोजनेचे रक्षण करते. एखाद्या अडचणीवर नवा, पूर्वी कोणी न सुचवलेला आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज न सुचणारा उपाय शोधला, तर मर्यादित काळासाठी त्याच्या वापराचा अनन्य अधिकार मिळतो. त्या बदल्यात शोधकर्त्याने तो उपाय जगासमोर तपशीलवार मांडायचा असतो. दुसऱ्याने स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या आज्ञावलीत तोच उपाय पुन्हा रचला तरी पेटंटभंग होतो. त्यामुळे पात्रे, रंग, आवाज सारे बदलूनही बाण आणि उडी मारणारे पादचारी राहिले, तर सेगाला दाद मागता येत होती. कंपनीने तेच केले आणि 'क्रेझी टॅक्सी'चे जाणूनबुजून अनुकरण झाल्याचा आरोप ठेवला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सहज कल्पिता येते. दिशा दाखवणारा बाण ही माणसाच्या अतिप्राचीन खुणांपैकी एक आहे. होकायंत्राच्या काट्यापासून महामार्गावरील फलकापर्यंत तो सर्वत्र असतो. संगणकाच्या पडद्यावर तो वळता केला म्हणून तो एखाद्या कंपनीचा होतो का? गाडी येताना पाहून माणसाने बाजूला उडी मारणे हा शोध आहे की रोजचा अनुभव? अशा खटल्यांत आरोपी पक्ष बहुधा याच मुद्द्यांवर पेटंटची वैधता तपासण्याची मागणी करतो. ती तपासणी झाली असती तर खेळांच्या नियमांवरील मालकीची सीमा काही प्रमाणात स्पष्ट झाली असती.

तडजोडीमुळे तसे झाले नाही. पक्षकारांच्या दृष्टीने तडजोड शहाणपणाची असते. खर्च वाचतो, अनिश्चितता टळते. परंतु उद्योगाला तिच्यातून कोणताही दंडक मिळत नाही. पेटंट वैध होते की नाही हे अनिर्णित राहिले आणि त्याची भीती मात्र कायम राहिली. इतर निर्मात्यांना इतकेच कळले, की टॅक्सीच्या डोक्यावर बाण लावण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे बरे.

त्याच स्टुडिओचे पुढचे पाऊल

दावा दाखल होण्याच्या सुमारे तीन महिने आधी, सप्टेंबर २००३ मध्ये, रॅडिकल एंटरटेनमेंटचाच 'द सिम्पसन्स : हिट अँड रन' हा पुढचा खेळ प्रसिद्ध झाला होता. या वेळी स्टुडिओने टॅक्सीचा साचा सोडला. खेळाडू आता गाडीतून उतरून स्प्रिंगफील्डमध्ये पायी फिरू शकत होता, दुसरी गाडी घेऊ शकत होता, कामगिऱ्या पार पाडू शकत होता. गावावर नजर ठेवणारे गूढ कीटक आणि एका नव्या शीतपेयामागील परग्रहवासीयांचे कारस्थान अशी पूर्ण कथा त्यात गुंफली होती.

हा साचाही उसना होता. २००१ मध्ये आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' या खेळाने मोकळ्या शहरात चालत आणि गाडीने फिरण्याची रीत लोकप्रिय केली होती आणि 'हिट अँड रन'ने तीच उघडपणे स्वीकारली. फरक असा, की त्या हिंसक, प्रौढांसाठीच्या खेळाचा सांगाडा घेऊन त्यावर कौटुंबिक विनोदाचे शरीर चढवण्यात आले. 'सिम्पसन्स'वरील सर्वोत्तम खेळांमध्ये आजही त्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते आणि तो नव्या रूपात पुन्हा यावा अशी मागणी चाहते अद्याप करतात.

एकाच स्टुडिओने लागोपाठ दोन खेळांत दुसऱ्याचे साचे उचलले. पहिल्याने दावा ओढवून घेतला, दुसऱ्याने कीर्ती मिळवली. उसना घेतलेला साचा किती वाढवला आणि त्यात स्वतःचे काय मिसळले, यावर खेळाची गुणवत्ता ठरते. कायद्यापुढील प्रश्न मात्र निराळा असतो : त्या साच्याचा कोणता भाग कोणी आपल्या नावे नोंदवून ठेवला आहे? 'रोड रेज' आणि 'हिट अँड रन' यांच्या वाट्याला आलेल्या निरनिराळ्या नशिबात या दोन कसोट्यांमधील दरी दिसते.

कुंपण घातलेली जमीन

खेळांच्या रीतींवरील पेटंटांचे परिणाम इतरत्रही दिसले आहेत. नामको या जपानी कंपनीने मुख्य खेळ सुरू होण्याची वाट पाहताना खेळाडूला छोटा खेळ खेळू देण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळवले होते. २०१५ मध्ये त्याची मुदत संपली. परंतु मधल्या काळात एक पूर्ण पिढी प्रगतिदर्शक पट्टी हळूहळू सरकताना पाहत बसली. मुदत संपली तेव्हा यंत्रांचा वेग वाढल्याने त्या कल्पनेची गरजही ओसरत चालली होती.

वॉर्नर ब्रदर्सने 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या २०१४ मधील खेळात शत्रू पात्रे खेळाडूशी झालेल्या आधीच्या झटापटी लक्षात ठेवतात अशी व्यवस्था आणली आणि २०२१ मध्ये तिचे पेटंट मिळवले. ती घडवणारा मोनोलिथ स्टुडिओ फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आला आणि तिथे तयार होत असलेला पुढील खेळही रद्द झाला. पेटंट मात्र कंपनीकडे आहे. कसणारे हात गेले तरी जमिनीभोवतीचे कुंपण राहावे, तशी ही स्थिती.

सप्टेंबर २०२४ मध्ये निन्तेन्दो आणि पोकेमॉन कंपनी यांनी 'पालवर्ल्ड' या खेळाच्या निर्मात्यांविरुद्ध टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. दोन्ही खेळांतील प्राण्यांच्या दिसण्यातील साम्याची चर्चा जगभर झाली होती. तरीही दावा पेटंटभंगाचाच होता. म्हणजे वीस वर्षांपूर्वी सेगाने जो मार्ग धरला तोच अजूनही रुळलेला आहे. दावा प्रलंबित असताना 'पालवर्ल्ड'च्या निर्मात्यांनी खेळातील काही क्रिया बदलल्या.

कॉपीराइटचा मार्ग पूर्णपणे बंद आहे असेही नाही. 'टेट्रिस'ची हुबेहूब प्रतिकृती काढणाऱ्या झिओ कंपनीविरुद्ध २०१२ मध्ये न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने निकाल दिला. पडणारे तुकडे जुळवण्याचा नियम कोणीही वापरू शकतो, पण तुकड्यांचे आकार, त्यांची रंगसंगती आणि पटाचे माप जसेच्या तसे उचलता येणार नाही, असे त्या निकालाचे सार होते.

भारतातील स्थिती

भारतीय कायद्याने या बाबतीत अधिक सावध भूमिका घेतली आहे. पेटंट अधिनियम, १९७० मधील कलम ३ मध्ये कोणत्या गोष्टी शोध मानल्या जाणार नाहीत याची यादी आहे. त्यातील 'के' या उपकलमानुसार गणिती वा व्यावसायिक पद्धत, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. 'एम' या उपकलमात खेळ खेळण्याची पद्धत स्पष्ट शब्दांत वगळली आहे. अर्थात येथेही एक फट आहे. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की ज्या शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान सिद्ध होते, तो संगणक आज्ञावलीवर आधारलेला आहे एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही. तरीही प्रवाशाला टॅक्सीत बसवून वेळेत पोहोचवण्यासारख्या केवळ खेळण्याच्या रीतीवर भारतात मालकी सांगणे कठीण आहे.

कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील फरकही आपल्याकडे जुना आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्णय दिला. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाने 'न्यू दिल्ली' हा १९५६ मधील चित्रपट आपल्या नाटकावरून बेतल्याचा आरोप केला होता. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता. परंतु विषय, कल्पना वा कथासूत्र यांवर कॉपीराइट असू शकत नाही, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला.

खेळांच्या बाबतीत हा विचार २००८ मध्ये कसाला लागला. कोलकात्यातील दोन भावांनी इंटरनेटवर चालवलेला 'स्क्रॅब्युलस' हा शब्दांचा खेळ जगभर लोकप्रिय झाला होता. 'स्क्रॅबल'चे हक्क असलेल्या मॅटेल कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने अंतरिम आदेशात खेळाच्या पटावरील कॉपीराइटचा दावा प्रथमदर्शनी मान्य केला नाही. मात्र नावातील साम्यामुळे व्यापारचिन्हाचा भंग होतो हे मान्य केले. भावांनी खेळाचे नाव 'लेक्स्युलस' असे बदलले आणि खेळ चालू ठेवला. नियम सर्वांचा, नाव मात्र ज्याचे त्याचे, असा हा निवाडा होता.

देशातील खेळनिर्मितीच्या दृष्टीने ही भूमिका महत्त्वाची आहे. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने 'छोटा भीम' आणि 'मोटू पतलू' या मुलांच्या लाडक्या ॲनिमेशन मालिकांवर मोबाइल खेळ काढले. तेथेही पात्र परवान्याने घ्यावे लागते, खेळण्याची रीत मात्र सर्वांना खुली असते. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ मध्ये 'इंडस' हा खेळ आणला. मोठ्या बेटावर अनेकांनी उतरायचे आणि अखेरपर्यंत टिकून राहायचे, हा त्याचा साचा 'पब्जी'मुळे भारतात घरोघरी पोहोचला आहे. 'पब्जी'च्या निर्मात्यांनी 'फोर्टनाइट'विरुद्ध दक्षिण कोरियात केलेला कॉपीराइटचा दावा २०१८ मध्ये मागे घेतला होता. तो साचा एकाच कंपनीच्या नावे बंदिस्त झाला असता, तर त्याला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न पुण्यात होऊ शकला नसता.

मात्र हे संरक्षण देशाच्या सीमेपुरतेच आहे. भारतात घडलेला खेळ अमेरिकेत किंवा जपानमध्ये विकायचा असेल, तर तेथील पेटंटांचा विचार करावा लागतो आणि आजचा मोबाइल खेळ एका क्षणात सर्व देशांत पोहोचतो. लहान स्टुडिओपाशी परदेशी वकिलांची फौज नसते. अशा वेळी दाव्याचा निकाल काय लागेल यापेक्षा दावा लढवणे परवडेल का, हाच प्रश्न निर्णायक ठरतो. 'रोड रेज' प्रकरणातील तीन कंपन्यांना तडजोड परवडली. दहा-बारा जणांच्या चमूला तीही परवडेलच असे नाही.

बाण आता सर्वांचा

अमेरिकी कायद्यानुसार पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. त्या हिशोबाने सेगाच्या पेटंटची मुदत २०१८ मध्ये संपली. टॅक्सीच्या डोक्यावरचा तो बाण आणि गाडी पाहून उडी मारणारे पादचारी आता कोणालाही वापरता येतात.

दरम्यान या गोष्टीतील जवळजवळ प्रत्येक पक्षाची जागा बदलली आहे. फॉक्स इंटरॲक्टिव्ह २००३ मध्येच विकली गेली. रॅडिकल एंटरटेनमेंट मालक बदलत २०१२ नंतर नावापुरतीच उरली. 'द सिम्पसन्स'ही २०१९ मधील व्यवहारानंतर डिस्नेच्या छत्राखाली गेली. मालिका मात्र सुरू आहे आणि टॅक्सीचा तो खेळ पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुलांच्या आठवणीत आहे. त्यांना आठवतो तो होमरचा आवाज, बर्न्सच्या अणुबसची धडकी आणि वेळ संपत आली असताना वाट दाखवणारी ती खूण. तिच्या मालकीसाठी न्यायालयात दावा दाखल झाला होता, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.